भिरभिरं म्हणजे काय? २०९४ च्या सोलापुरातल्या यंत्रमाश्यांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी एकाच जगातल्या विज्ञानकथा लिहितोय. साल २०९४, जागा आपलाच सोलापूर जिल्हा, आणि बागांमधून मधमाश्यांच्या जागी फिरणारी बारकी यंत्रं. वाचून लोक तेच तेच प्रश्न विचारतात, त्यातले बरेचसे शेतकऱ्यांचे असतात आणि खरं सांगतो, त्यांच्या प्रश्नांनीच माझ्या कथा सुधारल्यात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. आज खरं काय आहे आणि मी रचलेलं काय आहे हे जिथल्या तिथं सांगत जातो, कारण एकदोघांनी सांगोल्याकडून फोन करून यंत्राचा भाव विचारलेला.

भिरभिरं म्हणजे नक्की काय?

माझ्या कथेतलं यंत्र. करडईच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं अंग, चार पंख, पोटाखाली केसाळ गादी. एका फुलावरचे परागकण उचलायचे आणि दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे मादी भागाच्या टोकावर टेकवायचे, एवढंच त्याचं काम. मध करत नाही, पोळं बांधत नाही, पिल्लं घालत नाही. संध्याकाळी बांधावरच्या डबीत जाऊन बसतं आणि चार्ज होतं.

हे नाव कुठून आलं?

गड्ड्याच्या यात्रेत पोरांना घेऊन देतो ते कागदी भिरभिरं, तिथनंच. कंपनीनं कितीही भारदस्त नाव दिलं तरी आपल्याकडं लोक आपलंच नाव ठेवतात, त्यामुळं कथेत पहिल्यांदा यंत्र बघितलेली एक म्हातारी "अगं बया भिरभिरं की हे" म्हणते आणि तेच नाव चिकटतं. एक असलं की भिरभिरं, जास्त असली की भिरभिरी.

हे सगळं हवेतलंच आहे का, की असं खरंच काही बनलंय?

बनलंय, आणि बरंच पुढं गेलंय. हार्वर्ड विद्यापीठात रोबोबी नावाचं यंत्र केलंय, २०१३ साली त्याचं नीट ताब्यात ठेवून केलेलं उड्डाण प्रसिद्ध झालं. वजन जेमतेम ८० मिलिग्रॅम, म्हणजे खऱ्या मधमाशीच्या आसपास, पंखांचा पसारा ३ सेंटीमीटर आणि सेकंदाला १२० वेळा फडफड. मोटर नाही त्यात, एवढी लहान मोटर नीट चालतच नाही, त्याऐवजी वीज दिली की वाकणारी सिरॅमिकची पट्टी आहे आणि तिच्या जोरावर पंख हलतो. अडचण एकच होती पण ती फार मोठी, वीज केसाएवढ्या बारीक तारेतनं यायची. म्हणजे पतंगासारखं, दोरीला बांधलेलं उडणं.

२०१९ साली त्याच मंडळींनी तार काढली. चार पंख केले, डोक्यावर सौर पट्ट्या बसवल्या, वजन गेलं २५९ मिलिग्रॅमवर आणि ते उडालं, पण काही क्षणच, आणि त्याला नेहमीच्या उन्हाच्या साधारण तिप्पट प्रकाश लागला. हे वाचून मी लई वेळ विचार करत बसलो होतो. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हाला आम्ही केवढ्या शिव्या घालतो, आणि तेवढं ऊनसुद्धा त्या इवल्याशा यंत्राला पुरणार नाही!

जपानमध्ये २०१७ साली वेगळी वाट धरली. एजिरो मियाको यांच्या गटानं छोट्या ड्रोनच्या पोटाला घोड्याचे केस लावले, केसांवर चिकट जेल लावलं आणि ते ड्रोन लिलीच्या फुलांवर टेकवून परागकण एकाकडून दुसऱ्याकडं नेले. पुढं २०२० मध्ये याच संशोधकांनी साबणाच्या फुग्यात परागकण मिसळून ते नासपतीच्या फुलांवर सोडले आणि फळं धरली. साबणाचा फुगा! मला वाटतं या सगळ्या कामातली ही सगळ्यात मायाळू युक्ती आहे, फुलाला ओरखडासुद्धा पडत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीनं एक ग्रॅमपेक्षा हलकं यंत्र हवेत १,००० सेकंद टिकवून दाखवलं, म्हणजे जवळपास १७ मिनिटं. आधीची यंत्रं काही सेकंदांत थकायची. पण तिथंही वीज तारेतनंच. तेव्हा माझ्या २०९४ मध्ये एकच मोठी थाप आहे असं समजा, ती म्हणजे बॅटरी. बाकी बरंचसं आजच कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर आहे.

सोलापूरच का? अशा कथा मुंबई-पुण्यात घडतात ना?

कारण डाळिंब. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावात आहे, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातली कित्येक घरं भगव्या वाणावर उभी राहिलीत. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा, त्यात ठिबक आणि शेततळ्यावर माणसांनी बागा वाढवल्या. ज्यांनी एवढ्या कोरड्या मुलखात फळ काढून दाखवलं त्यांच्या शिवारात भविष्य घडू नये असं का वाटावं? आणि दुसरं म्हणजे मी इथला आहे. मला दुसरीकडचं लिहिता येत नाही.

डाळिंबाला माशी लागतेच कशाला, आपोआप सेटिंग होत नाही का?

सेटिंग म्हणजे फुलाचं फळ धरणं, ते थोडं होतं. पण ज्यांनी बहार धरलाय, म्हणजे झाडाला ठरवून फुलोरा आणलाय, त्यांना माहितीय की कळी भरभरून निघते आणि सेटिंगच्या वेळी झाड धोका देतं. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात, बुडाशी फुगीर, लहान मडक्यासारखी असते तिला आपण मादी कळी म्हणतो, शास्त्रात ती उभयलिंगी, आणि बुडाशी निमुळती असते ती नर. नर फुलं गळूनच जायची असतात, त्याचं दुःख नाही. पण मादी फुलावर पराग नीट पोचला नाही तर तेही गळतं. वाऱ्यानं डाळिंबाचा पराग फारसा जात नाही, जड आणि चिकट असतो. तिथं माशी लागते. दुसऱ्या झाडाचा पराग आला तर फळधारणा आणखी चांगली होते, आणि ते काम झाड एकटं करूच शकत नाही. म्हणून तर फुलोऱ्याच्या वेळी मधपेट्या ठेवायला सांगतात.

तुमच्या जगात माश्या मेल्या कशानं? रोग आला का?

नाही, मी मुद्दाम रोग आणला नाही. रोग आणला की कुणाचीच चूक राहत नाही.

माझ्या कथेत माश्या हळूहळू कमी होतात, इतक्या हळू की कुठल्या वर्षी गेल्या ते कुणाला सांगता येत नाही. बांध फोडून एक सरी वाढवली. बांधावरची तरवड, बाभूळ, करंज, बोरीची झुडपं गेली. मग बहार संपला की माशीला दुसरं फूलच नाही, महिनोन्महिने नाही. भर फुलात फवारा. तणनाशक मारून जमीन अशी स्वच्छ की मातीत बीळ करून राहणाऱ्या एकट्या माश्यांना जागा नाही, आणि जगातल्या निम्म्याहून जास्त जातींच्या माश्या जमिनीतच राहतात हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, माशी म्हटलं की पोळंच डोळ्यासमोर येतं. यातली एकही गोष्ट मी रचलेली नाही. युरोपीय संघानं २०१८ साली इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडीन आणि थायमेथोक्झाम या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो माश्यांसाठीच, म्हणजे काळजी करणारा मी एकटा नाही.

आमच्या घरचं एक सांगतो. एका मृग बहाराला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याला, वडिलांनी मधपेट्या भाड्यानं आणल्या होत्या. चौथ्या दिवशी शेजारच्या शिवारात सकाळी दहाला, ऐन माश्या फिरायच्या वेळेला फवारणी झाली. संध्याकाळी पेट्यांसमोर माश्यांचा सडा. काही अजून पाय हलवत होत्या. आई खाली बसून त्या खराट्यानं न लोटता हातानं गोळा करत होती, आणि वडील काहीच बोलले नाहीत. मला ते यंत्र सुचलं त्या दिवशी, हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

माश्या संपल्या की ४ वर्षांत माणूस संपेल असं आईनस्टाईन म्हणाले होते ना?

म्हणाले असल्याचा पुरावा कुठंच नाही. ते मेसेज पुढं ढकलू नका.

बरं, पण माश्या नसतील तर उपाशी तर मरूच?

तसं नाही, आणि इथं नीट समजून घेण्यासारखं आहे. ज्वारी, गहू, भात, मका ही सगळी गवतकुळातली पिकं, यांना वारा लागतो किंवा आपलं आपण भागतं, म्हणजे मंगळवेढ्याची ज्वारी माशीविना येणार. ऊस कांड्यापासून. भुईमूग स्वतःच्याच परागावर शेंग धरतो, लसूण पाकळीपासून येतो आणि मिरचीचंही बरंचसं आपलं आपण भागतं. थोडक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी २०९४ मध्येही आहे, मी पहिल्याच कथेत ती ताटात वाढलीय.

जातं ते बाकीचं ताट. भोपळा, दोडका, काकडी, कलिंगड यांची नर आणि मादी फुलं वेगवेगळी, माशी नाही तर फळच नाही. करडई आणि सूर्यफुलाचा उतारा कमी. कांदा खायला मिळेल पण कांद्याचं बी धरणारे अडकतील, कारण कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी गळतो आणि कुक्षी नंतर तयार होते, कुणीतरी एका फुलावरून दुसऱ्यावर जायलाच पाहिजे. आणि बी नाही तर पुढच्या वर्षी कांदा तरी कुठला? जगातल्या ११५ मुख्य खाद्यपिकांपैकी ८७ पिकांना थोडीफार तरी प्राण्यांच्या परागीभवनाची मदत होते असा हिशोब संशोधकांनी २००७ साली मांडला होता. टनांत मोजलं तर हा वाटा साधारण ३५ टक्के. म्हणजे पोट भरेल, पण आजाऱ्याला द्यायला डाळिंब नाही, पोराच्या डब्यात काकडी नाही.

एकरी किती भिरभिरी लागतात?

हा हिशोब माझा आहे, पण हवेत केलेला नाही, बघा पटतोय का. एकरी ३०० झाडं धरा. झाडाला ८० फळं ठेवायची तर २४,००० फळं. निम्मी गळणार म्हणून ४८,००० मादी फुलं. प्रत्येक फुलावर तीन फेऱ्या, झाल्या १,४४,०००. दर फेरीआधी नर फुलावर जाऊन पराग आणायचा, म्हणजे दुप्पट, २,८८,०००. आता एक यंत्र तासातली १५ मिनिटं उडतं आणि ४५ मिनिटं चार्ज होतं, मिनिटाला दोन फुलं, म्हणजे तासाला ३०, दिवसाचे सहा तास म्हणजे १८०, आणि फुलोरा २० दिवस धरला तर ३,६००. भागाकार केला की ८० येतात. वाऱ्यात हरवणारी, पक्ष्यांनी नेलेली, बिघडलेली धरून मी एकरी १२० घेतलीत.

वाचताना सोपं वाटतं पण लक्षात घ्या, पेटीत पाळतात त्या मेलीफेरा जातीच्या माश्यांच्या एका भरलेल्या पेटीत हजारोंनी माश्या असतात, २०,००० च्या वर सहज, आणि त्या पेटीला हा हिशोब कुणी शिकवलेला नसतो.

सोलापूरच्या उन्हात ही यंत्रं टिकतील का?

४२-४३ अंशाला बॅटरी लवकर म्हातारी होते, त्यामुळं माझी भिरभिरी सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते सहा एवढीच उडतात. एका वाचकानं बरोबर पकडलं होतं की आंबे बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात, तेव्हा कुठलं एवढं ऊन. मान्य. खरा त्रास मृग बहाराला, पावसाचा थेंब या यंत्रापेक्षा जड असू शकतो, आणि आषाढातला वारा तर विचारूच नका. खऱ्या माश्या काय करतात तर उन्हाळ्यात पाणी आणून पोळ्यात शिंपडतात, पंखांनी वारा घालतात आणि पिल्लांच्या जागेचं तापमान ३४-३५ अंशाला धरून ठेवतात. बाहेर ४३ असताना. माझ्या यंत्राच्या डबीला त्यासाठी पंखा लावावा लागला.

परागकण उचलतं कसं?

यात माझा जीव आहे, थोडं लांबलं तर समजून घ्या.

खरी माशी उडताना हवेशी घासून तिच्या अंगावर थोडा विद्युतभार तयार होतो, धन भार, त्यामुळं ती फुलाजवळ गेली की परागकण उडी मारून तिच्याकडं येतात. अंगावरचे फाटे फुटलेले केस त्यांना धरून ठेवतात. मी पहिल्या मसुद्यात जपानी प्रयोगासारखं चिकट जेल लिहिलं होतं. मग अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम केलेल्या एका काकांनी मला विचारलं की जेलला धूळ नाही का चिकटणार? आपल्याकडं धुळीचं काय सांगायचं. ते म्हणाले टेरी टॉवेल बघा, त्याचे वेढे असतात, पाणी धरून ठेवतात आणि पिळलं की सोडतात, तुमच्या यंत्राला असं का नको? मी गप्पच झालो. त्या दिवसापासून माझ्या भिरभिऱ्यांची पोटाची गादी सोलापुरात विणली जाते, डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्याचे वेढे, भार दिला की पराग धरतात आणि काढला की सोडतात. पिढ्यानपिढ्या माग चालवलेल्या पद्मशाली घरातली एक पोरगी ते विणते, आणि दुसऱ्या कथेची नायिका तीच आहे. कंपनीला पंख बाहेरून आणता आले पण गादी काही कुठं मिळाली नाही.

फुलाफुलावर फिरताना तेल्या पसरणार नाही का?

पसरेल! हा प्रश्न आला तेव्हा मला अख्खी कथा नव्यानं लिहावी लागली. तेल्या हा डाळिंबाचा रोग, त्याचा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यानं पसरतो, छाटणीच्या कात्रीनं पसरतो, म्हणून तर एका झाडावरनं दुसऱ्यावर जाताना आपण कात्री निर्जंतुक करतो. भिरभिरं म्हणजे उडती कात्रीच झाली की. एका बागेतलं दुसऱ्या बागेत गेलं तर तालुका साफ. तेव्हापासून माझ्या जगात नियम असा की भिरभिरं बांध ओलांडत नाही, आणि रोज संध्याकाळी डबीत अतिनील दिव्याखाली अंग धुऊन घेतं. गादीत अडकलेला जिवाणू मात्र सुटतो, आणि तिसऱ्या कथेतला सगळा गोंधळ त्यातनंच होतो, पण ते इथं सांगत नाही.

पक्षी खात नाहीत का?

वेडा राघू खातो. माश्या टिपणं हाच त्याचा धंदा आहे, तारेवर बसतो आणि झेप घेतो. कोतवालही सोडणार नाही. खाल्लेलं यंत्र पचत नाही, म्हणून माझ्या कथेतले वेडे राघू आधी मरतात आणि मग उरलेले शिकतात, आणि त्या दोन्हींच्या मधली वर्षं लिहिताना मला फार त्रास झाला. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास तर मी एकही भिरभिरं उडू दिलेलं नाही. तिथं कथेतसुद्धा जोखीम नको.

चावतं का?

नाही. डोळ्यात गेलं तर लागेल एवढंच.

हातानं परागीभवन करता येतं की, यंत्र कशाला?

येतं. व्हॅनिलाचं जगभर असंच चालतं, १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडीनं ते करायची युक्ती शोधली आणि आजही तीच वापरतात. चीनमध्ये सिचुआनच्या काही भागात माणसं झाडावर चढून कुंचल्यानं नासपतीच्या फुलांना पराग लावतात. आपल्याकडं परसातल्या भोपळ्याचं नर फूल तोडून मादी फुलावर टेकवणाऱ्या आज्या घरोघर होत्या. सीताफळालाही हातानं करतात, आणि बार्शीकडं सीताफळाच्या मोठमोठ्या बागा आहेत. पण वर केलेला हिशोब परत बघा, एकरात जवळपास तीन लाख वेळा फुलाला हात लावायचा. मजूर कुठून आणणार आणि हजेरी कशी परवडणार?

सीताफळ आणि ड्रॅगन फ्रूटला हेच यंत्र चालतं?

नाही. सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, अर्धवट मिटलेलं, त्यात बारके भुंगेरे शिरतात, माशीचं तिथं कामच नाही. त्यासाठी मी उडणारं सोडून रांगणारं यंत्र केलंय. ड्रॅगन फ्रूट रात्री फुलतं आणि सकाळी मिटायला लागतं, म्हणून तिथं रात्रपाळी. टोमॅटो-वांग्याचा पराग हलवून पाडावा लागतो, भुंगा फुलाला धरून गुंगुं करतो ना तसा, मधमाशीला ते जमतच नाही.

भिरभिऱ्याचं भाडं किती? ती कुणाच्या मालकीची?

हाच खरा प्रश्न आहे आणि सगळ्या कथा याच्याभोवती फिरतात. माझ्या जगात यंत्र विकत मिळत नाही, बहारावर मिळतं. पाणी तोडून झाडाला ताण दिला, पानगळ केली, पाणी सोडलं, कळी निघाली, की कंपनीची गाडी डब्या घेऊन येते आणि फुलोरा संपला की घेऊन जाते. भाडं रक्कम म्हणून मी कुठंच लिहिलेलं नाही, कारण ते पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत जास्त जातं.

बघा, भिरभिरं फूल मोजतं. मोजल्याशिवाय त्याला कामच करता येत नाही. कुठल्या झाडाला किती मादी कळी, किती सेटिंग, किती गळ, सगळं त्याच्या डोक्यात आणि तिथनं कंपनीच्या. मालक अजून बागेत चकरा मारून अंदाज बांधतोय तोवर कंपनीला माहितीय की या बागेत किती टन निघणार आणि अख्ख्या तालुक्यात किती. आणि हा आकडा व्यापाऱ्याला विकला तर? व्यापारी जागेवर सौदा करायला बांधावर येतो तेव्हा त्याला तुमची बाग तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते. "अण्णा, यंदा सगळीकडंच माल लई हाय ओ" एवढं एक वाक्य, आणि भाव खाली. पूर्वी तो हे अंदाजानं म्हणायचा, तुम्ही अंदाजानं नाही म्हणायचात, बरोबरीचा मामला होता.

माशीनं कधी कुणाला आकडा सांगितला नव्हता. ती फुकट यायची, आपलं काम करून जायची आणि बागेचं गुपित बागेत राहायचं.

म्हणून माझ्या चौथ्या कथेत सांगोला तालुक्यातलं एक गाव ग्रामसभेत ठराव करतं की यंत्र येऊ दे पण मोजणी गावाच्या सोसायटीत राहील. कंपनी म्हणते मग डब्या मिळणार नाहीत. फुलोरा सुरू झालेला, मादी फुलं उमललेली, हातात जेमतेम काही दिवस. मला सगळ्यात जास्त पत्रं याच कथेवर आली आणि निम्म्या लोकांनी गाव चुकलं असं लिहिलं. मला अजूनही वाटतं गाव बरोबर होतं.

मध कुठून येतो मग?

कारखान्यातून, साखरेचा. नावाला मध म्हणतात. आज्जीनं खऱ्या मधाची एक बाटली जपून ठेवलीय, घट्ट बसलेली, ती फक्त नवीन बाळाच्या जिभेला बोट लावण्यापुरती काढतात. (आता डॉक्टर वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका म्हणतात आणि ते ऐकाच, कथेतल्या आज्जीलाही तिची सून हेच सांगते.)

माशीला जे जमतं ते सगळं एक दिवस यंत्राला जमेल का?

परागीभवन जमेल, माझी खात्री आहे. पण कार्ल फॉन फ्रिश यांनी माशीचा नाच उलगडला, १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं, त्यात असं आहे की माशी पोळ्यावर येऊन नाचून दुसऱ्यांना सांगते की फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब आहेत. म्हणजे कुठं जायचं ते माश्या आपापसात ठरवतात, आणि त्यात डाळिंब असतं, बांधावरचं करंज असतं, माळावरची कुणालाच नको असलेली तरवडही असते. भिरभिऱ्याला आपण सांगतो तेवढंच फूल दिसतं. तरवडीचं भाडं कोण भरणार? माझ्या २०९४ मध्ये डाळिंब आहे आणि माळ बोडका आहे, आणि हे मी पहिल्या पानापासून लिहिलंय, पण फार थोड्या वाचकांनी त्यावर विचारलं.

मग तुम्ही या यंत्रांच्या विरोधात आहात का?

नाही. ज्या शेतकऱ्याच्या बागेत माशी येत नाही त्याला फळ तर पाहिजेच, कर्ज थांबत नाही. उद्या असं यंत्र खरंच आलं तर पहिल्यांदा वडिलांच्या बागेत लावून बघेन. फक्त ते आलं म्हणून बांध फोडणार नाही. आत्ताही आम्ही बांधावर तरवड आणि शेवगा ठेवलाय, शेततळ्याच्या कडेला उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवतो, फुलोऱ्यात शक्यतो फवारत नाही आणि मारायचंच झालं तर दिवस मावळल्यावर मारतो. फुलोरी माश्यांचं छोटं पोळं दोन वर्षांपासून बोरीत लागतंय.

तुमच्या जगात खरी माशी एकही उरली नाही?

हे पुढच्या कथेत येणार होतं पण इतक्या जणांनी विचारलंय की थोडं सांगतो. सोलापुरात, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला भुईकोट किल्ल्याच्या भिंतीत डंख नसलेल्या बारक्या माश्यांची घरं आहेत, दगडाच्या फटीत, बाहेर मेणाची छोटी नळी काढलेली. मुंगीएवढ्या माश्या, कुणाचं लक्षच जात नाही. तलावाकाठच्या एका अंगणात कुणीतरी हौसेनं डाळिंबाचं एकच झाड लावलेलं असतं. तिथं ती गादी विणणारी पोरगी एक दुरुस्त केलेलं भिरभिरं चाचणीला सोडते, आणि ते फुलावर न टेकताच परत येतं. ती परत सोडते, ते परत येतं. तिला वाटतं गादी बिघडली. मग ती फूल भिंगाखाली धरते आणि कुक्षीवर आधीच पिवळा पराग बसलेला असतो.